विहिरीत उजेड टाकणारी

आमच्या जुन्या आकगुम गावापासून उंटाच्या चालीने तासाभरावर नकाशात एक निळा ठिपका आहे. ‘नुरबेर्दीची विहीर.’ तिथे विहीर नाही. वाळूचा उंचवटा आहे आणि त्याखाली माझा थोरला भाऊ आहे. जी विहीर माणूस गिळते तिला त्याचंच नाव द्यायचं, ही आमची रीत. रशियन नकाशेवाल्याने नाव विचारलं, गावाने सांगितलं, त्याने ठिपका मारला. पाणी आहे का, एवढं विचारलं असतं तर त्याचं तोंड दुखलं असतं का? मग तहानलेले ट्रकवाले रिकामे डबे घेऊन तिथे पोचायचे, आणि त्यांना पाण्याऐवजी आरसा घेऊन बसलेली एक बाई भेटायची. ती माझी वहिनी, ओगुलगेरेक.

मी भूगोलाचा मास्तर. देशाचा बहुतेक भाग काराकुमचं वाळवंट, महासागराकडे वाट नाही. कापूस, वायू, मेंढ्यांची कातडी. हे मुलं घडाघडा म्हणतात. मग मी त्यांच्या हातावर एक शिंपला ठेवतो. नुरबेर्दीने तो पन्नास मीटर खालून आणला होता.

“मास्तर, इथला समुद्र गेला कुठे?”

“खाली,” मी सांगतो.

नुरबेर्दी विहिरी खोदायचा आणि वहिनी त्याला उजेड द्यायची. खोल विहिरीच्या तळाशी भर दुपारी अमावास्या असते, आणि कंदील नेला तर तो आतली हवा खातो. म्हणून काठावर बसून लग्नातल्या आरशाने ऊन खाली सोडायचं. खालची हाक वर नीट ऐकू येते, पण वरची तळाशी पोचेपर्यंत तिची नुसती गडगड होते, त्यामुळे खुणाही उजेडाच्याच. उजेड स्थिर असला की खोदत राहा. तो भिंतीवरून वर सरकू लागला की दोर धर, वर ये.

सासरच्या पुरुषांसमोर आमच्या बायका डोक्याच्या रुमालाचं टोक दातांत धरून गप्प राहतात, अगदीच गरज पडली तर हलकंच बोलतात. वहिनीही तशीच राहायची. नवऱ्याशी मात्र ती दिवसभर आरशाने बोलायची. तो वर आला की चिडवायचा, “आज उजेड फार रागात होता. पीठ संपलंय का?” ती रुमालातल्या रुमालात हसायची.

एकाहत्तर साली, बासष्टाव्या मीटरला, ती विहीर कोसळली. मी दोर ओढणाऱ्या उंटापाशी होतो. जमिनीने मोठा घोट गिळावा तसा आवाज आला. एवढ्या खोलातून कुणाला काढता येत नाही. वर वाळू ओढून नमाज पढतात, बस.

चाळिसाव्या दिवसाचं जेवण झाल्यावर वहिनी माझ्याजवळ आली. “भावजी, मी आरसा फिरवला होता.”

“कुठे?”

“माझ्याकडे. नवी कर्णफुलं कशी दिसतात ते बघायला. तेवढ्यात खाली काळोख झाला असेल. आणि मग तो आवाज.”

मी भडकलोच. “वाळू काय तुझी परवानगी घेऊन कोसळते?”

तिने ऐकून घेतलं आणि सोडून दिलं. त्यानंतर तिने आरशात तोंड म्हणून पाहिलं नाही. पण रोज दुपारी तोच आरसा घेऊन ती उंचवट्यावर जायची आणि वाळूवर उजेड धरून बसायची. गाव म्हणालं, डोकं फिरलं. खोटं कशाला बोलू, मीही म्हणालो.

“अगं, कुणासाठी हे?”

“त्यांना अजून वर बोलावलेलं नाही,” ती म्हणाली. पुन्हा मी विचारलं नाही.

अशी बावीस वर्षं गेली. रशियन राज्य मोडलं, आमचा झेंडा आला. पण पंपाचं डिझेल आलं नाही, मोडलेले भागही आले नाहीत. तीन हजार मेंढ्या कोरड्या हौदाभोवती ओरडू लागल्या. तेव्हा वहिनीच्या मुलाने, मेर्दानने, बापाची कुदळ काढली. गोड पाणी त्या उंचवट्यापासून शंभर पावलांवर असेल, असा त्याचा अंदाज होता. वहिनीने तीन दिवस चूल पेटवली नाही.

“आई, मेंढ्या मेल्या तर गाव उठेल.”

“उठू दे.”

“आणि बाबांना इथे एकटं टाकायचं?”

चौथ्या दिवशी ती म्हणाली, “आरसा मी धरणार. दुसरं कुणी नाही.”

काठावर बसल्यावर तिची नजर फक्त आपल्या मनगटावर असायची, काचेवर कधी नाही. मी पुन्हा उंटापाशी. बासष्टाव्या मीटरच्या दिवशी आभाळ स्वच्छ होतं. दुपारी खालून मेर्दानची हाक आली.

“आई, एकच आरसा धर ना! इथे दोन उजेड झालेत.”

वहिनीच्या हातात एकच आरसा होता.

“एक स्थिर आहे. दुसरा भिंतीवरून वर जातोय. परत खाली येतोय, परत वर. काय सांगतेस तू?”

तिने आरसा मांडीवर पालथा घातला.

“हां, आता एकच राहिला,” वर आवाज आला. “वर बोलावतोय. येऊ का?”

वहिनीच्या दातांतून रुमाल सुटला. तिचा चढलेला आवाज मी जन्मात पहिल्यांदा ऐकला. “भावजी, उंट हाका! हाका!”

मी उंटाला काठीने झोडपलं. मेर्दान कमरेपर्यंत वर आला तशी तिने त्याला बखोटीला धरून बाहेर ओढलं. आम्ही जेमतेम दहा पावलं लांब गेलो असू. मागे तोच आवाज झाला. तोच घोट.

ऊन कुठून येतं, ते कुठे पोचतं, हे मी पोरांना तीस वर्षं शिकवतोय. त्या दिवसाचं मात्र मला कुणी विचारू नये.

पाणी मिळालं नाही. महिन्याभरात गाव उठलं आणि उरलेल्या मेंढ्यांमागे दूरच्या कालव्याकडे निघालं. निघायच्या दुपारी वहिनी मला घेऊन उंचवट्यावर गेली. तिने वाळूवर उजेड धरला आणि सावकाश, फार सावकाश, तो वर सरकवत नेला. उंचवट्याच्या टोकावरून तो आभाळात निघून गेला.

“या आता,” ती म्हणाली.

मग तिने आरसा आपल्याकडे फिरवला. बराच वेळ पाहत राहिली.

“भावजी,” ती म्हणाली, “सगळे केस पांढरे झाले की हो माझे. तुम्ही कुणीच कसं सांगितलं नाहीत?”