मुकादमांचा सातवा थांबा

आमचे मुकादम बर्फाकडे पाठ करून उभे राहायचे. समोर डोंगर पांढरेशुभ्र झालेले, त्यावरून माणसं घसरत खाली येतायत, आमच्या बायकामुलांच्या तोंडून "आई गं" आणि "वॉव" आळीपाळीने निघतंय, आणि हा गृहस्थ मात्र हातातल्या कागदावर पेन्सिलीने खुणा करण्यात गुंग. "अहो, बघा तरी एकदा," असं कोणी म्हटलंच तर चष्म्यावरून पाहत सांगायचे, "बर्फ सगळीकडे सारखंच असतं. सूप नसतं. चला, अकरा चाळीस झाले."

मुकादम हे नाव आम्ही ठेवलेलं. सिंगापूरमध्ये टॅम्पिनीसला ते आमच्याच इमारतीत सहाव्या मजल्यावर राहायचे, आम्ही नवव्या. रोज सकाळी कंपनीच्या बसने ते जुरोंग आयलंडला जात आणि तिथे शटडाऊनचं प्लॅनिंग करत. शटडाऊन म्हणजे अख्खा कारखाना काही आठवडे बंद ठेवून त्याचा एकेक पाइप उघडायचा, साफ करायचा आणि परत जोडायचा. कुठला नट कुठल्या तासाला कोणी सोडवायचा, हे सगळं आधी कागदावर. वीस-बावीस वर्षं हे केल्यावर माणसाचं जे होतं ते मुकादमांचं झालं होतं. घरी काकूंनी पोहे करायला घेतले तरी ते विचारायचे, "कांदा कढईत किती वाजता पडणार आहे?"

सिंगापूरच्या शाळांना जूनमध्ये महिनाभर सुट्टी असते आणि त्याच वेळी न्यूझीलंडच्या डोंगरांवर बर्फ पडायला लागतं. वर्षभर घामाने चिकचिकलेल्या मराठी माणसाला एवढं निमित्त पुरतं. पाच कुटुंबं, अठरा माणसं, तीन व्हॅन. ख्राइस्टचर्चला उतरायचं आणि डोंगरातल्या रस्त्याने वानाका या स्कीच्या गावापर्यंत गाडी हाकत जायचं. स्की आम्ही पहिल्या वर्षी अर्धा दिवस केलं. दुपारपर्यंत पाचही घरांतले कर्ते पुरुष आडवे झाले. मी हार्बरफ्रंटच्या एका शिपिंग कंपनीत बसून जगभरची जहाजं हलवतो, पण त्या दिवशी मला माझा स्वतःचा पाय हलवता येईना. त्यानंतर स्कीचा विषय कोणी काढला नाही. कुठे खायचं आणि काय प्यायचं, एवढाच आमच्या प्रवासाचा उद्देश उरला आणि तो पूर्णपणे मुकादमांच्या ताब्यात गेला.

त्यांचा तो कागद मार्चमध्येच यायचा. थांबा, वेळ, बाथरूम, खाणे, पिणे, शेरा असे रकाने. खाण्याच्या आधी बाथरूमचा रकाना का, असं मी विचारलं, तेव्हा त्यांनी मला त्यांच्या आयुष्याचं सार सांगितलं. "आधी बाथरूम, मग मेनू. माणूस अवघडून बसला की चुकीचं काहीतरी मागवतो." शेऱ्याच्या रकान्यात स्वतःच्या जिभेने तपासलेलं तेवढंच येई. 'तिसरा थांबा: भोपळ्याचे सूप बरे, पाव शिळा, वेटर उद्धट परंतु चपळ.' ऐकीव माहितीला त्यांच्या कागदावर जागा नव्हती.

रोज सकाळी मोटेलच्या आवारात, शून्याखाली दोन अंश तापमानात, त्यांची टूलबॉक्स मीटिंग असे. कारखान्यात काम सुरू करण्यापूर्वी कामगारांना गोळा करून सूचना देतात, ती. आम्ही कानटोप्या घालून अर्धवर्तुळात उभे. "आज दोन सूप, एक पाय, म्हणजे इथली भाजलेली कचोरी, आणि एक हॉट चॉकलेट. वाटेत कोणी परस्पर काही खाणार नाही. परमिटशिवाय खायचं नाही म्हणजे नाही." हे परमिट खरोखरचं होतं, छापील. मी एकदा पेट्रोल पंपावर गुपचूप चिकन पाय खाल्ला, तर त्यांनी माझ्या नावे नियर मिसची नोंद केली. अपघात थोडक्यात टळला की तशी नोंद करतात म्हणे. माझी मिशी त्यांनी बारकाईने पाहिली होती.

पिण्याच्या बाबतीत तर विचारूच नका. मुक्कामी पोचल्यावर तिन्ही व्हॅनच्या किल्ल्या एका स्टीलच्या डब्यात पडायच्या, डब्याला झाकण लागायचं, डबा काकूंच्या मांडीवर जायचा आणि मगच मसाला घातलेल्या गरम वाइनचा पहिला पेला हलायचा. मोठमोठ्या बँकांची जोखीम सांभाळणारे आमच्यातले दोघं तो डबा बघून लहान मुलांसारखे गप्प बसत.

त्यांचा प्रामाणिकपणा तर अंगावर यायचा. न्यूझीलंडच्या विमानतळावर खाण्याची प्रत्येक वस्तू जाहीर करावी लागते. बाकीचे लोक 'बिस्किटे' लिहून मोकळे होतात. मुकादमांनी चार पानी तक्ता दिला. अधिकारी बाई मेतकुटावर अडल्या. हे काय, त्यांनी विचारलं. "मॅडम, भाजलंय, दळलंय, दोनदा चाळलंय. इट इज डेड. कम्प्लीटली डेड." बाईंनी डबा उघडून वास घेतला आणि शिंकत आम्हा अठरा जणांना सोडून दिलं.

हे सगळं आम्ही हसण्यावारी न्यायचो. हसू यायचं नाही ते फक्त सातव्या थांब्याचं.

वानाकाच्या जरा अलीकडे, रस्त्याच्या कडेला निळ्या दाराचं एक छोटं कॅफे आहे. पहिल्याच वर्षी कागदावर त्याच्यापुढे लिहिलेलं होतं, 'सक्तीचे. प्रत्येकाने पूर्ण जेवण मागवावे. ताटात काही टाकू नये.' बुकिंग अठरा माणसांचं, स्वतःच्या नावावर. आम्ही उतरलो आणि मुकादम मात्र व्हॅनमध्येच बसले. "तुम्ही व्हा पुढे. मला बर्फात चाकांना लावायच्या साखळ्या तपासायच्यात." त्या दिवशी रस्त्यावर चिमूटभरही बर्फ नव्हतं.

आत काउंटरमागे एक मुलगी होती. सावळी, केस वर बांधलेले आणि हनुवटी थेट काकूंची. काकू तिच्या गळ्यात पडल्या आणि बराच वेळ सुटल्या नाहीत. मग माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाल्या, "आमची सई. सिंगापूरला बँकेत होती. सोडली नोकरी, इथे आली. बशा धुण्यापासून सुरुवात केली. हे म्हणाले, बँक सोडून डोंगरात बशा धुणाऱ्या मुलीच्या दारात मी पाऊल ठेवणार नाही. आणि यांचं तुम्हाला माहितीये. एकदा सही केली की केली."

म्हणजे हा सगळा खटाटोप, तीन व्हॅन, छापील परमिटं, पहाटेच्या मीटिंगा, एका निळ्या दारापर्यंत पोचण्यासाठी होता. आत यायचं नव्हतं, म्हणून माणसाने सतरा गिऱ्हाइकं आणून सोडली होती. मला आधी हसू आलं, मग मुकादमांचा राग आला, आणि शेवटी समोरचं सूप मी निमूटपणे संपवलं. टेबलाशी अठरावी खुर्ची रिकामी होती. सईने ती हलवली नाही. पुढे कुठल्याच वर्षी हलवली नाही.

बाहेर आल्यावर आमची उलटतपासणी व्हायची. "सूप गरम होतं? मीठ? पाव तिथेच भाजतात की आणतात? काउंटरवरची बाई दमलेली वाटली का?" बाई म्हणे! आम्ही सांगू ते ते लिहून घेत आणि शेऱ्याच्या सुरुवातीला प्रामाणिकपणे नमूद करत, 'प्रवाशांच्या सांगण्यावरून.' सई आमच्या हाती झाकणाच्या कपात सूप द्यायची. मुकादम मान फिरवून म्हणायचे, "ठेवा तिकडे." पुढच्या थांब्याला कप रिकामा. "सांडलं," ते सांगत. दर वर्षी सूप सांडायचं आणि दर वर्षी व्हॅनमधली सतरंजी कोरडी ठणठणीत असायची. आमच्या लेकीने, आर्याने, एकदा तिच्या सिंगापुरी इंग्रजीत विचारलंच, "अंकल, व्हाय यू नेव्हर कम इनसाइड, लाह? देअर गॉट चेअर फॉर यू." मुकादमांनी तिला साखळीचा हुक कसा लावतात ते दाखवलं.

मध्ये दोन वर्षं सगळं जगच शटडाऊनमध्ये गेलं. विमानं बंद, सरहद्दी बंद. तरी मार्चमध्ये कागद आला. प्रत्येक थांब्यापुढे 'स्थगित' असं लिहिलेलं. फक्त सातव्यापुढे, 'चालू आहे किंवा कसे, चौकशी करणे.' ती चौकशी अशी व्हायची: काकू सईशी व्हिडिओवर बोलत असत आणि मुकादम कॅमेऱ्याच्या बाहेर, फ्रिजला टेकून उभे. "विचार, गिऱ्हाईक येतं का? विचार, लाकडं भरून ठेवलीत का?" एकदा मी साखर मागायला गेलो तेव्हा हे पाहिलं. काकूंनी माझ्याकडे बघून कपाळाला हात लावला. तिकडून सई म्हणत होती, "आई, फ्रिजला सांग, भरलीत." साखर न घेताच मी वर गेलो.

त्यानंतर जुन्या मालकांकडून सईने ते कॅफे चालवायला घेतलं. मुकादमांनी नवा कागद काढला, पण सही काही मागे घेतली नाही.

मग त्यांचं निवृत्तीचं वर्ष उजाडलं. कंपनीतलं काम संपणार, त्या कामावर मिळालेला सिंगापूरला राहायचा पास त्याबरोबर संपणार, ऑगस्टमध्ये कोथरूडच्या फ्लॅटवर परत. जूनची ट्रिप सिंगापूरहून त्यांची शेवटची. पुण्याहून वानाकाला ते कोणत्या साखळ्या तपासायला जाणार होते? आम्हा सगळ्यांच्या मनात एकच होतं, आणि बोलायची हिंमत कोणातच नव्हती.

त्या सकाळी मी त्यांच्याच व्हॅनमध्ये होतो. काकूंनी थर्मास काढला. "अहो, चहा घ्या, गारठा आहे." थोड्या वेळाने पुन्हा, "घ्या हो अजून." तिसऱ्यांदा आल्याचा. चौथ्यांदा, "उरलाय, वाया जाईल." मुकादम नको नको म्हणत पीत होते आणि काकू खिडकीबाहेर मेंढ्या बघत होत्या.

कॅफेपाशी नेहमीप्रमाणे आम्ही आत गेलो, ते साखळ्यांपाशी थांबले. पार्किंगच्या कोपऱ्यात सार्वजनिक बाथरूम आहे आणि त्यांच्या कागदावर त्याची नोंदही आहे. त्या दिवशी त्याच्या दारावर पाटी होती, पाइप गोठल्यामुळे बंद. हे सईने आदल्या दिवशीच फोनवर काकूंना सांगितलं होतं, असं मला फार पुढे कळलं.

खिडकीतून आम्ही सतरा जण बघत होतो. मुकादम त्या पाटीपर्यंत गेले. पाटी वाचली. परत व्हॅनपाशी आले. एका पायावरून दुसऱ्या पायावर गेले. पुन्हा पाटी वाचून आले. मग टोपी सरळ केली आणि निळं दार उघडलं.

आत पहिलीच पाटी दिसली, 'बाथरूम फक्त ग्राहकांसाठी.' दुसरा कोणी असता तर तसाच घुसला असता. मुकादम काउंटरपाशी रांगेत उभे राहिले. सई पाठमोरी होती. ते खाकरले. "वन सूप, प्लीज."

ती वळली.

"कुठलं? तीन आहेत," ती मराठीत म्हणाली.

तिन्ही सुपांची नावं मुकादमांना पाठ होती. त्यांनीच तर ती आम्हाला मार्चपासून पाठ करायला लावली होती. त्यांनी फळ्याकडे पाहिलं, मग तिच्याकडे. "चांगलं कुठलं आहे?" त्यांनी विचारलं. कुठे काय खावं हे त्या माणसाने दुसऱ्या कोणाला विचारलेलं मी तेव्हा पहिल्यांदा ऐकलं.

सईने हातातल्या पळीने डावीकडे दाखवलं. "दुसरं दार. आधी बाथरूम, मग मेनू, बाबा."

ते बराच वेळ आत होते. बाहेर आले तेव्हा चेहरा धुतलेला होता, डोळे लाल. अठराव्या खुर्चीवर बसले. सईने सूप समोर ठेवलं आणि म्हणाली, "हळू हं. तुमचं दर वर्षी सांडतं." मुकादमांनी मान खाली घालून शेवटच्या थेंबापर्यंत सूप संपवलं. आर्या मोठ्याने म्हणाली, "सी, अंकल? सो ईझी, लाह!" आणि तिच्या आईने तिला टेबलाखालून चिमटा काढला.

त्या दिवशी आठवा, नववा आणि दहावा थांबा रद्द झाला. मी घड्याळ दाखवलं तर मुकादम म्हणाले, "नियर मिस लिहा माझ्या नावे."

ऑगस्टमध्ये ते पुण्याला गेले. चांगी विमानतळावर जाताना त्यांनी कागदांची फाइल माझ्या हातात दिली, "आता तुम्ही बघा," असं म्हणून. फार वाईट वाटलं. घरी येऊन मी सातवा थांबा काढला. 'प्रवाशांच्या सांगण्यावरून' हे शब्द खोडलेले होते. खाली पेन्सिलीने लिहिलं होतं, 'मीठ किंचित कमी. पुन्हा जाऊन खात्री करावी लागेल.'

यंदा जूनमध्ये तीन व्हॅन मी नेल्या. मला काही त्यांची सर नाही. दोनदा रस्ता चुकलो, एका बाथरूमची नोंद विसरलो आणि सातव्या थांब्यावर चाळीस मिनिटं उशिरा पोचलो. निळ्या दाराच्या पायरीवर मुकादम उभे होते. बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या, हात फेसाने भरलेले, पोटावर सईचा एप्रन. नजर घड्याळावर.

"अहो, हे काय?" मी म्हणालो. "टुरिस्ट व्हिसावर आलात ना? काम करायला परवानगी लागते इथे."

मुकादमांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं.

"घरच्या बशा धुवायला परमिट लागत नाही," ते म्हणाले.