चिकटला

दोन वर्षांपूर्वी प्रयोगासाठी समुद्राच्या तळाशी ठेवलेली फरशी आज पाणबुड्यांनी बुडी मारून बर्फाच्या भोकातून वर काढली. एवढ्या काळात तिच्यावर वस्ती झाली ती दहा-बारा पांढऱ्या ठिपक्यांची. अंटार्क्टिकाच्या पाण्यात कुणालाच घाई नसते.

फरशी खाऱ्या पाण्याच्या ताटात ठेवून मी भिंग लावलं. ठिपका म्हणजे गोगलगाईसारखी वळलेली नळी, आणि आत एक किडा. आमच्या संशोधन केंद्रावरचे आचारी दत्तूकाका चहा घेऊन आले आणि वाकून बघू लागले.

"हा इथे आला कसा?"

"पोहत. लहानपणी मोकळा असतो. दगड चाचपून बघतो, पसंत पडला की स्वतःभोवती चुन्याची नळी बांधून तिथेच राहतो."

"आणि जागा चुकली तर?"

"तरी सुटता येत नाही."

"म्हणजे चिकटला म्हणायचा!" काका हसले.

मला हसू आलं नाही. ही नोकरी लागली तेव्हा आईने अख्ख्या गल्लीला हाच शब्द सांगितला होता, "आमची पोरगी चिकटली एकदाची." खिडकीबाहेर समुद्र गोठला होता. शेवटचं जहाज कधीच गेलं होतं, आणि हा माझा इथला तिसरा हिवाळा. भिंगाखाली किड्याने पिसासारखा पंखा हळूच बाहेर काढला. त्याला पोहणं आठवत असेल का?

"ताई, तुमची नोकरी कंत्राटी का?"

"नाही काका, परमनंट."

"नशीब काढलंत!"

रिकामा कप उचलताना त्यांचा ताटाला धक्का लागला. किड्याने पंखा आत ओढला आणि नळीचं इवलंसं दार लावून घेतलं.