एक जूनच्या चाळीस हजार फायली

आकारामदादा आमच्या मिरजेच्या दवाखान्यात कॉम्प्युटर बघतात. मूळचे कोरेगावचे, सैन्यात सिग्नलला वीस वर्षं काढलेले. स्कॅनचं मशीन अडलं, कुणाचा पासवर्ड हरवला, की "दादा" म्हणून हाक. माणूस दमून चिपाड झाला तरी नाही म्हणायचा नाही. मी नोंदणीच्या खिडकीवर बसते, रोज बघते, आणि खरं सांगू, मला त्यांचा रागच येतो.

मागच्या आठवड्यात स्कॅन साठवायची डिस्क काठोकाठ भरली. मशीन पुरवणाऱ्या पुण्याच्या कंपनीतल्या साहेबानं फोनवरच शोध लावला. चाळीस हजार फायलींच्या नावात जन्मतारीख एकच, एक जून. एवढी माणसं एका दिवशी जन्मतात होय? चाचणीच्या खोट्या नोंदी असणार, उडवा. दादा सलग दुसऱ्या पाळीत होते. त्यांनी काळ्या पडद्यावर पुसायचा हुकूम टाइप केला, तर यादी फार लांब आहे म्हणून मशीननंच नकार दिला. तिथं तरी थांबावं की नाही? दादांनी 'फाइंड'ला 'डिलीट' जोडलं, म्हणजे एकेक शोधायची आणि पुसायची. अर्ध्या तासात सगळं साफ. असं पुसलेलं परत मिळत नाही, आणि दुसरी प्रत कुणी ठेवलेलीच नव्हती.

अहो, आपल्याकडं शाळेत नाव घालताना गुरुजींनी कुणाची खरी तारीख लिहिलीय? सरसकट एक जून. दादांच्या पेन्शनच्या कागदावरही तीच आहे. पण थकलेल्या माणसाला कुठलं सुचतंय.

मंगळवारी जतकडच्या अंजनाबाई आल्या. नवरा धुळा, त्याच्या डोक्यात गाठ. दोन वर्षांपूर्वीचा स्कॅन आताच्या शेजारी ठेवून डॉक्टर ठरवणार होते, गाठ वाढतेय का, ऑपरेशन करायचं का. त्यांच्याकडची फिल्म मेंढरांमागं हिंडताना भिजून गेली होती. मी नाव टाकलं. काहीच नाही. मग जन्मतारीख विचारली. एक जून.

मी दादांना म्हटलं, सिस्टीम बंद आहे असं सांगू. ते ऐकेनात. बाहेर येऊन बाईंसमोर उभे राहिले.

"तुमची फाइल मी पुसली. चूक माझी हाय."

डॉक्टर म्हणाले, आता तीन महिने थांबून परत स्कॅन काढू, त्याशिवाय काही ठरवता येणार नाही. अंजनाबाई भांडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी नवऱ्याला दंडाला धरून बाकावरनं उठवलं. त्याचा पाय अडखळत होता.

"दादा," त्या म्हणाल्या, "तीन म्हैनं ह्यांच्याकडं हाईत का, तेवढं सांगा."