सावड मोडली त्या आश्विनात

आश्विनातल्या सकाळी काळ्या जमिनीला एक वास येतो. ओल खोल उतरलेली असते, वरची माती मुठीत दाबली तर ढेकूळ धरते पण हाताला चिकटत नाही. तिची ही अवस्था म्हणजे वाफसा. त्या वेळचा तिचा वास जुन्या रांजणात डोकावल्यावर येतो तसा असतो, थंड आणि गंभीर. तो फार दिवस राहत नाही. ऊन चढू लागलं की माती आवळते, तिला बारीक भेगा पडतात, आणि मग टाकलेलं बी ती रुजवत नाही. रब्बीच्या शाळूचं सगळं दैव त्या थोड्याशा सकाळींवर टांगलेलं असायचं.

पवनेच्या काठी, चिंचवडपासून कोसभरावर आमचं गाव होतं. नाव अजून आहे, बसथांब्याच्या पाटीवर. गावात दोन बैल बाळगण्याची ऐपत मोजक्याच घरांची. बाकीच्यांकडे एकेक. म्हणून दोन घरं आपापला बैल एकत्र जुंपत आणि त्या जोडीनं दोघांची रानं आळीपाळीनं पेरत. हीच सावड. कुणाची सावड कुणाशी, हे आजोबांच्या काळापासून ठरलेलं असे, आणि सोयरीक मोडली तरी सावड मोडत नसे. बांधावरून भांडण होऊन बोलणं तुटलेली माणसंसुद्धा पेरणीला एकाच औतामागून चालत आणि बैलांच्या तोंडून बोलत. "सांग रं तुझ्या मालकाला, तास वाकडा चाललाय," असं एक जण बैलाच्या पाठीला सांगे, आणि दुसरा दुसऱ्या बैलाला म्हणे, "त्याला म्हणावं, आधी सोताचं तोंड सरळ कर." दुपारी भाकरी सोडेपर्यंत अबोला कुठे विरघळला ते कळतही नसे. त्या वाकड्यातिकड्या बोलण्यानं आमचं गाव शिवलेलं होतं, असं मला आता वाटतं. तेव्हा असं काही वाटत नव्हतं. हवेविषयी कुणाला काय वाटतं?

आमची सावड उस्मान मुलाण्याशी. त्याचा चांद्या आणि माझा पाखऱ्या. उस्मान माझ्याहून पाचसहा वर्षांनी मोठा, उंच, हसताना मान मागे टाकणारा. मी त्याला भाई म्हणायचो, तो मला सदा. पहिली पेरणी कुणाच्या रानात, हेही ठरलेलं: एक साल त्याचं, एक साल माझं. पन्नाशीच्या दशकात पिंपरीच्या माळावर कारखाने उभे राहू लागले आणि पहाटेच्या कोंबड्याआधी भोंगा वाजू लागला, त्या दिवसांतल्या एका आश्विनात पहिला मान माझा होता. उस्मान चांद्याला घेऊन उजाडताच आला. दोन दिवस त्यानं माझ्या रानात पाभर धरली, माझी बायको बी सोडत मागून चालली. संध्याकाळी जू सोडताना तो म्हणाला, "सदा, परवा माझ्याकडं. पाखऱ्याला उद्याच्याला इसावा दे, लई राबलाय."

दुसऱ्या दिवशी मी पाखऱ्याला चाकणच्या बाजारात नेऊन विकला.

इतकी वर्षं या वाक्याभोवती मी पुष्कळ माती लोटली. कारखान्यात भरती चालू होती, मुकादमानं परवापासून ये म्हणून सांगितलं होतं, भोंग्याच्या आत फाटकावर पोचायला सायकल हवी होती, आणि चिंचवडात एक जण जुनी सायकल रोख पैशांवर द्यायला तयार होता. हे सगळं खरं. पण चार दिवस पायी गेलो असतो तर माझे पाय झिजले नसते, हेही खरं. पहाटे दावं सोडताना आईनं विचारलं होतं, "आन् उस्मानची पेरनी?" मी म्हणालो, "गावात काय बैलांचा दुकाळ हाय का? घावंल कुनाचा तरी." पदरानं तिनं पाखऱ्याचं कपाळ पुसलं आणि आत गेली.

कुणाचा तरी घावला नाही. घावणार नव्हता, हे मला ठाऊक होतं. प्रत्येक बैल कुणाच्या ना कुणाच्या सावडीत होता आणि प्रत्येक घर आपापल्या वाफशामागे धावत होतं. उस्मान दारोदार फिरला. लोक हळहळले, चहा पाजला, आणि म्हणाले, आमचं उरकू दे. त्यांचं उरकेपर्यंत ऊन तापलं.

मी कामावरून परतत असताना तो मला ओढ्याजवळ भेटला. मी सायकलवरून उतरलो. त्यानं माझ्याकडे पाहिलं नाही. हँडलवर हात ठेवून तो सायकलीलाच म्हणाला, "काय गं बाई, तू वैरन खात न्हाईस, शेन टाकत न्हाईस. मालकाला इचार तुझ्या, चांद्याशेजारी तुलाच जुंपू का?" आणि मान मागे टाकून हसला. मीही हसलो. मी माफी मागावी म्हणून त्यानं उघडलेलं ते दार होतं, गावातलं सर्वांत जुनं दार, आणि मी घंटी वाजवून पुढे निघून गेलो.

त्याचं रान त्या साली पडीक राहिलं. बायकोच्या मदतीनं कुदळीनं उकरून त्यानं कडेला थोडा हरभरा टोकला, तेवढाच. पुढच्या उन्हाळ्यात चांद्या विकला, आणि त्यानंतर रस्त्याकडेचा तुकडा शहरातल्या एका माणसाला, कामगारांसाठी खोल्या बांधायला. गावच्या शिवारातली ती पहिली चाळ. तिच्यामागून दुसरी आली, किराण्याची दुकानं आली, दूरच्या जिल्ह्यांतली माणसं आली. माझं पाहून आणखी चौघांनी बैल विकले आणि चार घरांत एकेक बैल दावणीला हंबरत राहिला. गाव हातातून निसटू लागलं तसं लोकांना कारण हवं झालं. पारावर कुणीतरी म्हणालं, "मुलाण्यानं इकली पयली जमीन, त्यानंच गावाला खिंडार पाडलं." त्याच्या नावामुळे ती गोष्ट त्याला लवकर चिकटली, हे लपवण्यात अर्थ नाही. सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं, कारण सावड माझी होती. मी म्हणालो, "व्हय, त्यानंच."

उस्मान दोन पोरी आणि बायकोला घेऊन चाकणकडे सासुरवाडीला गेला. निघताना आमच्या दारावरून गाडी गेली. मी घरात होतो. बाहेर आलो नाही.

यंदा देवळाच्या सभामंडपात जुन्या गावकऱ्यांचा सत्कार झाला. जुने म्हणजे मी आणि आणखी दोघे. एका तरुणानं ध्वनिक्षेपकावर गावाचा इतिहास सांगितला आणि मुलाण्यानं विकलेल्या त्या पहिल्या जमिनीपाशी आल्यावर माझ्याकडे वळून विचारलं, "आजोबा, बरोबर ना?" माझी मान आपसूक हलली. गळ्यात हार होता. मंडप टाळ्या वाजवत होता.

दुसऱ्या दिवशी रिक्षा करून मी चिखलीला गेलो. उस्मानची धाकटी मुलगी हमीदा तिथे मुलाच्या गॅरेजमागे राहते. तिचे केस माझ्याइतकेच पांढरे झालेत. नाव सांगताच तिनं ओळखलं, "सदाचाचा," म्हणाली, खुर्ची पंख्याखाली सरकवली. मी एका दमात सगळं सांगितलं. पाखऱ्या, सायकल, ओढा, पार. ती पदराचं टोक बोटाला गुंडाळत ऐकत राहिली. मग म्हणाली, "अब्बा तर म्हणायचे, आपली जमीनच खराब होती. पिकत नव्हती, म्हणून निघालो."

"जमीन चांगली होती," मी म्हणालो. "गावात सगळ्यांत चांगली."

बाहेर कुणीतरी पत्र्यावर हातोडी मारत होतं. तो आवाज थांबल्यावर ती स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाली, "म्हंजे आमाला निघायला लागलंच नसतं."

मी ओझं उतरवायला गेलो होतो. ते मी कुणाच्या मांडीवर ठेवलं, हे मला तिच्या चेहऱ्याकडे पाहून कळलं. बाप जन्मभर खोटं बोलला होता, आणि त्या खोट्यात ही मुलगी सुखानं म्हातारी झाली होती.

मी उठलो तेव्हा तिनं हात धरून मला पायरीवरून उतरवलं. रिक्षापाशी आल्यावर म्हणाली, "चाचा, एकदा दाखवाल का? आमचं रान कुठं होतं, घर कुठं होतं. मला फकस्त एक उंबराचं झाड आठवतं." मी हो म्हणालो. आणखी काय म्हणणार होतो?

ती रविवारी येणार आहे. तेव्हापासून मी रोज सकाळी काठी टेकत जाऊन शोधतो आहे. ओढा सिमेंटच्या नळात गेला, बांध गेले, उंबर कधी तोडला कुणाला माहीत नाही. एकसारख्या सहा इमारती, एकसारखी फाटकं, आणि प्रत्येक फाटकावरचा पहारेकरी मला कुणाकडे जायचंय म्हणून विचारतो. त्या जमिनीवर मी अनवाणी वाढलो, आणि आता मला ती सापडत नाही. हमीदा माझ्या बोटाकडे पाहील, आणि मी जिथे दाखवीन तीच जागा ती बरोबर घेऊन जाईल.