देवखाडी नगरपंचायत, मुक्काम काशी

किस्से ठरवून कुणी गोळा करत नाही. दारामागे प्लास्टिकच्या पिशव्या साठतात ना, एकात एक कोंबलेल्या, तसे ते साठतात. एक ओढायला जावं तर चार बाहेर येतात.

माझ्याकडे साठलेत ते नगरपंचायतीचे. देवखाडी हे कोकणातलं आमचं गाव. "एका बाजूला खाडी, दुसऱ्या बाजूला समुद्र आणि मधे नगरपंचायत, कुठूनही बुडायची सोय आहे," असं आमचे मास्तर म्हणायचे. मास्तर म्हणजे माझे यजमान. हायस्कूलात चित्रकला शिकवायचे. मी तिथे पाच वर्षं नगरसेविका होते. आता वाराणसीत मुलाकडे असते. अमेय रेल्वेत आहे. मंगला गौरीच्या देवळामागच्या गल्लीत एका मराठी घराच्या वरच्या मजल्यावर आम्ही भाड्याने राहतो. घरमालकीण कमलाकाकू. त्यांच्या कितीतरी पिढ्या काशीतच गेल्या. दुपारी भाजी निवडायला बसलो की त्या म्हणतात, "हं, करा सुरू तुमची म्युनिसिपालटी. टीव्हीपेक्षा बढिया असते."

मग मी सुरू करते. सांगताना दिसतं सगळं, म्हणून सांगते.

*

मी निवडणुकीला उभी राहिले त्यात माझा हात फारसा नव्हता. वॉर्ड महिलांसाठी राखीव झाला आणि चार-पाच पुढारी आमच्याकडे आले. "मास्तर, वहिनींना उभं करू या."

मास्तर म्हणाले, "ती आत आहे. तिलाच विचारा."

स्वयंपाकघरात यायला कुणी धजेना. शेवटी मीच पोह्यांच्या बशा घेऊन बाहेर आले आणि म्हणाले, "हो."

त्यांना वाटलं, 'पोहे घ्या हो' म्हणते आहे.

निवडून आल्यावर पहिल्या सभेला मास्तर मला घेऊन गेले आणि सवयीने माझ्या शेजारच्या खुर्चीत बसले. नगराध्यक्ष होते तात्या. जन्माने मच्छीमार, स्वतःची होडी, शिक्षण सातवी. त्यांनी चष्म्यावरून पाहिलं.

"मास्तर, निवडून कोण आलं?"

"ही."

"आणि तुम्ही?"

"मी हिला स्कूटरवरून घेऊन आलो."

"मग स्कूटरपाशी थांबा. एकटी सोडू नका तिला. खाऱ्या हवेनं गंजते."

सगळे हसले. मास्तर सगळ्यांत जास्त हसले आणि बाहेर जाऊन बदामाच्या झाडाखाली पेपर वाचत बसले. पुढे प्रत्येक सभेला तिथेच बसत. खिडकीतून मला त्यांचं डोकं दिसायचं. मी बोलायला उठले की ते पेपर खाली ठेवायचे.

*

आमचे मुख्याधिकारी, सीओ म्हणायचो आम्ही, लोखंडे साहेब. वय तिशीच्या आत, बीडकडचे. समुद्र त्यांनी सिनेमातच पाहिला होता.

ते हजर झाले त्या सकाळी ऑफिसमागच्या भिंतीला पाणी लागलं होतं. बराच वेळ खिडकीत उभे होते. मग कामाला लागले. दुपारी जेवून पुन्हा खिडकीशी गेले तर समोर नुसता चिखल, आणि होड्या कुशीवर कलंडलेल्या. त्यांनी घाईने तात्यांना फोन लावला.

"तात्या, अर्जंट आहे. समुद्र लई आत गेलाय. कुणाला कळवायचं?"

तात्या म्हणाले, "कुणाला नको. सांजच्याला येतो तो परत. आपल्या नळाच्या पाण्यासारखा नाय."

*

हे झाल्यावर लोखंडे साहेबांनी भरती-ओहोटी फार मनावर घेतली. पर्यटक पाण्यात शिरतात, त्यांना आगाऊ कळावं म्हणून ऑफिसबाहेरच्या फळ्यावर त्यांनी स्वतःच्या सुरेख अक्षरात लिहिलं: "उद्या सकाळी मोठी भरती. सर्वांनी नोंद घ्यावी."

दुसऱ्या दिवशी ऑफिसच्या दारापासून मासळीबाजारापर्यंत रांग. गावातले, आजूबाजूच्या वाड्यांतले सगळे तरुण, इस्त्रीचे शर्ट घालून, हातात सर्टिफिकेटांच्या फायली. माझ्या शेजारचा सुहास बारावीची मार्कलिस्ट घेऊन सगळ्यांत पुढे होता. त्याच्या आईने त्याला देवाला नमस्कार करून पाठवला होता.

लोखंडे साहेब दारात आले आणि त्यांना काय झालंय ते कळलं. शेवटी तात्या पायरीवर उभे राहिले.

"पोरांनो, ही भरती ती नव्हे. ही रोज येते. देत काय नाय, असलेलं घेऊन जाते."

पोरं हसत हसत पांगली. सुहास मात्र हसला नाही. लोखंडे साहेब त्या दिवशी जेवले नाहीत. मग ते जिल्ह्याला खेपा घालू लागले आणि वर्षभराने किनाऱ्यावर दोन जीवरक्षकांच्या जागा मंजूर करून आणल्या. एकीवर सुहास लागला. बाकीची रांग मुंबईला गेली.

*

इथे आल्यावर पहिल्याच आठवड्यात मी संकठा घाटावर जाऊन बसले. उन्हाळा होता. पाणी बरंच खाली होतं आणि खालच्या पायऱ्यांवर वाळलेला गाळ. एक नाववाला दोर वळत बसला होता. मी विचारलं, "भैया, पानी कब चढ़ेगा?"

"जुलाई में, माताजी."

मी तासांचं विचारलं होतं, त्याने महिन्यांचं सांगितलं. तो बरोबरच होता. मी घरी येऊन अमेयला हसत सांगितलं. तो हसला नाही. म्हणाला, "आई, दिवाळीत जाऊन येऊ आपण." दिवाळीत त्याला सुट्टी मिळाली नाही.

*

आम्ही किनाऱ्यावर सेल्फी पॉइंट केला होता. माणसाच्या उंचीची लाल अक्षरं, फायबरची: "आपली देवखाडी". उद्घाटनाला आमदार आले, फोटो निघाले. त्याच आषाढात एका उधाणाला पहिला शब्द वाहून गेला. उरली नुसती "देवखाडी".

पुढच्या सभेत एका सदस्याने विषय लावून धरला. गेलेली अक्षरं ताबडतोब बसवा, गावाची अब्रू जाते.

तात्यांनी सगळं ऐकून घेतलं. म्हणाले, "समुद्रानं उपसूचना मांडली आहे. 'आपली' हा शब्द वगळावा. कुणाचा विरोध?"

लोखंडे साहेबांनी लिहून घेतलं, "एकमताने."

त्यातला 'प' खाडीपलीकडच्या गावाला लागला. त्यांनी तो परत दिला नाही.

*

बाहेरच्या एका गृहस्थांनी आमच्याकडे हॉटेल काढलं. नेमकं बोंबील वाळत घालायच्या मैदानाशेजारी. महिन्याभरात तक्रार आली: वास येतो.

पाहणीला गेलो. तात्या, मी, लोखंडे साहेब आणि हॉटेलवाले. काठ्यांवर बोंबील लटकत होते, बायका पाटीवर बसून बघत होत्या. हॉटेलवाले म्हणाले, "येतोय ना?"

मी मनापासून श्वास घेतला. खरं सांगते, काहीच आलं नाही. तात्यांनाही नाही. सगळ्या मैदानात वास घेता येईल असं नाक एकच होतं, लोखंडे साहेबांचं. त्यांनी रुमाल धरला होता. त्यामुळे ते एकटे साक्षीदार ठरले.

सुनावणी लांबली. पावसाळा आला, गेला. बोंबलांचा पुढचा हंगाम लागला आणि आम्ही पुन्हा त्याच जागी उभे राहिलो. लोखंडे साहेबांनी छातीभर श्वास घेतला. रुमाल खिशातच होता.

"मला तर काही येत नाही," ते म्हणाले.

हॉटेलवाले त्यांच्याकडे बघतच राहिले. बायकांनी मात्र त्या दिवशी साहेबांच्या डब्यात सुके बोंबील घातले.

परत येताना तात्या त्यांना म्हणाले, "साहेब, सामान बांधायला घ्या."

"का हो?"

"सरकारला कळतं. माणूस आमचा झाला की बदली होते."

दिवाळीच्या आधी ऑर्डर आली. साहेब जालन्याकडे गेले. अजून कधीतरी त्यांचा फोन येतो. मागे म्हणाले, "वहिनी, इथं कशाचाच वास येत नाही हो." मग त्यांनी काशीतल्या थंडीची चौकशी केली.

*

माझ्या मुदतीच्या शेवटच्या वर्षी मास्तर गेले. हार्टने. शाळेच्या मुलांची चित्रं तपासताना.

तेरावं झालं आणि सभेची नोटीस आली. मी जाणार नव्हते. तात्या स्वतः रिक्षा घेऊन दारात आले. म्हणाले, "चला. घरात बसून काय होणार."

सभा सुरू होताच ते शोकप्रस्ताव वाचायला उभे राहिले. नवे सीओ नियमाचे पक्के होते. वाईट माणूस नव्हता, पण नियमाचा पक्का. हळूच म्हणाले, "अध्यक्ष महाराज, प्रथा आजी-माजी सदस्यांसाठी आहे. मास्तर सदस्य नव्हते."

तात्यांनी कागद खाली ठेवला.

"बाहेर बसून त्या माणसानं एक सभा चुकवली नाय. आत बसणाऱ्यांत असा कोण आहे? हात वर करा."

हात कुणाचाच वर गेला नाही. सगळे उठून उभे राहिले, सीओ सगळ्यांच्या आधी. मी पूर्ण वेळ टेबलाकडे बघत होते. खिडकीकडे बघायची हिंमत नव्हती.

मुदत संपली. अमेय म्हणाला, एकटी राहू नकोस. मी घराला कुलूप घातलं.

*

कमलाकाकूंनी समुद्र पाहिलेला नाही. एकदा त्यांनी विचारलं, "तुमच्या समुद्राचा घाट कुठल्या बाजूला असतो?"

"घाट नसतो, काकू. नुसता किनारा."

"मग उतरता कुठून?"

"कुठूनही."

त्यांनी हातातली मेथी निवडून संपवली. मग म्हणाल्या, "कठीणच आहे हो. चढायचं कुठून ते माणसाला कळणार कसं?"



*

गेल्या हिवाळ्यात तात्यांचा फोन आला. "वहिनी, काशीला येतोय. नंदाला घेऊन."

नंदावहिनी त्यांची बायको. जन्मभर मासळीबाजारात बसली. अध्यक्षाची बायको झाली तरी तिची पाटी तीच आणि जागाही तीच. मीठ लावून लावून तिच्या बोटांना कायम चिरा असायच्या. ती गेल्याचं मला कळलं होतं. आमच्याकडे राख समुद्रातच सोडतात. पण तिने मुलांना बजावून ठेवलं होतं, "आख्खा जन्म खाऱ्यात काढला. मला गोड्यात सोडा."

म्हणून तात्या आले. एकटेच. पांढऱ्या पंच्यात बांधलेला कलश त्यांनी गाडीत मांडीवरून खाली ठेवला नव्हता. सकाळी घाटावर गुरुजींनी विधी केले आणि आम्ही छोटेलाल नावाच्या नाववाल्याच्या नावेत बसलो. नदी आरशासारखी शांत होती. तात्यांनी पाण्यात हात घातला, बोट जिभेला लावलं.

"गोडं आहे," ते म्हणाले. जणू इतका वेळ त्यांची खात्री नव्हती.

मधोमध गेल्यावर त्यांनी कलश रिकामा केला. फुलं थोडा वेळ नावेपाशी रेंगाळली, मग सरकत निघाली. तात्या त्यांच्याकडे बघत होते. परत वळताना त्यांनी छोटेलालकडून एक वल्हं मागून घेतलं. एकाला मराठी येत नव्हती, दुसऱ्याला हिंदी, पण दोघांची वल्ही एका लयीत पडायला लागली.

मग तात्या म्हणाले, "वहिनी, ह्याला विचारा, हे पाणी पुढं कुठं जातं?"

मी विचारलं.

"पटना, भागलपुर, फिर बंगाल," छोटेलाल म्हणाला. "उसके बाद समुंदर."

हे मला मराठीत सांगावं लागलं नाही. तात्यांचं वल्हं थांबलं. नाव थोडी फिरली.

"म्हणजे खाऱ्यातच," ते म्हणाले.

"हो." मला वाईट वाटलं, म्हणून घाईने म्हटलं, "पण तो समुद्र वेगळा, तात्या. तिकडचा, पूर्वेचा. आपला नव्हे."

"पाच वर्षं नगरसेविका होतात तुम्ही," तात्या म्हणाले. "समुद्राला वॉर्ड नसतात."

नाव घाटाला लागेपर्यंत ते वल्हवत राहिले. त्यांचा आणखी दोन दिवस राहायचा बेत होता. विश्वनाथाचं दर्शन व्हायचं होतं, अमेय त्यांना सारनाथला नेणार होता. पायरीवर पाऊल ठेवताच ते वळले.

"अमेयला फोन लावा. आजच्या गाडीत कुठं बसायला मिळतं का बघा."

"आजच? का हो तात्या?"

ते ओला पंचा झटकत होते.

"तिच्या आधी घरी पोचायला पाहिजे."