धोंडे जेवणाचा मेसेज

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. सुरुवात एका फालतू चुकीनं झाली – मी कुठे बसलोय आणि माझं काम कुठे चाललंय, एवढंही मला कळलं नाही.

बोरीतल्या दूध डेअरीला मी एक स्क्रिप्ट लिहून दिली होती. म्हणजे कम्प्युटरनं आपोआप करायचं काम – सगळ्या सभासदांना मेसेज पाठवायचा. चाचणीत घोळ नको म्हणून ती आधी बघायची, आपण कुठल्या मशीनवर चाललोय? माझ्या घरच्या असलो तर मेसेज नुसता पडद्यावर दाखवायचा. डेअरीच्या असलो तर खरंच पाठवायचा. आहे की नाही हुशारी?

अधिक महिना चालू होता. सासुरवाडीहून आवतन येईना. म्हणून चाचणीला मीच लिहिलं – ‘जावईबापू, उद्या सहकुटुंब धोंडे जेवायला या.’ बटण दाबलं. पण सकाळी घरूनच डेअरीचं मशीन जोडलेलं, आणि त्याचीच खिडकी पडद्यावर उघडी. मी घरी होतो – स्क्रिप्ट डेअरीत. तिनं बरोबर ओळखलं. मी नाही. आवतन डेअरीच्या नावानं सगळ्या सभासदांना गेलं.

दुसऱ्या दिवशी दूध घालायला आलेले लोक चेअरमनला विचारायले, “सासरेबुवा, पुरण शिजलं का?” चेअरमन काही हसले नाहीत.

इथवर गंमतच. पुढचं – कसं सांगू? त्यांनी मला विचारलं, “ह्यो उद्योग कुणाचा?” मी म्हणालो, “मेसेज डेअरीच्या मशीनवरून गेलाय.” खोटं होतं का? शब्दही नाही. त्या मशीनवर गंगाधर बसायचा. सगळे त्याच्याकडे बघायला लागले.

“म्या हात बी लावला न्हाई, साहेब,” तो म्हणाला – आणि माझ्याकडे पाहिलं. मी चष्मा पुसत होतो.

त्याला कम्प्युटरवरून काढून दुधाचे कॅन धुवायला लावलं. आजही तेच करतो. टायपिंग मीच शिकवलेलं, म्हणून दिसलो की अजून ‘गुरुजी’ म्हणतो. मीही ‘बरंय का’ म्हणतो.

आणि माझं? छान चाललंय. जेवण जातं, झोप लागते. असं काही केलेली माणसं तळमळतात म्हणे – मला तेवढंही जमलं नाही.

हे लिहून बायकोला वाचून दाखवलं. भाकरी थापता थापता तिनं सगळं ऐकलं.

“चांगलं लिवलंय,” ती म्हणाली. “पण मला कशाला वाचून दाखवायलाव? गंगाधरभाऊजी आत्ता डेअरीतच असतील.”