उमेदवार ठीक सातला आला

भिया लोक, आज सकाळी मजाच झाली. विधानसभेचे एक उमेदवार सातला आमच्या गल्लीत येणार होते. रिटायर्ड मेजर, आता सांवेर रोडवर स्वतःचा कारखाना. नेत्यांचे सात म्हणजे नऊ, म्हणून कोणी घराबाहेरच पडलं नाही. हे मात्र ठीक सातला हजर!

समोर फक्त माझे बाबा. त्यांची मिल बंद होऊन जमाना झाला, तरी ते रोज भोंग्याच्या वेळेला तयार होऊन ओट्यावर बसतात.

बाबांनी चहा दिला आणि विचारलं, "मेजरसाब, तुम्हाला फौजेची पेन्शन आहे. तुमच्या कारखान्यातल्या लोकांना?"

मेजरसाहेबांनी कप ओट्यावर ठेवला. "नाही बाबूजी. सगळे ठेक्यावर आहेत."

ते गेल्यावर मी विचारलं, "बाबा, मत देणार यांना?"

"सोचतोय. आमच्या मिलमालकानं तर गेटला कुलूप लागेपर्यंत काहीच सांगितलं नव्हतं."

तुम्ही दिलं असतं?